दर हंगामाला नवी जर्सी : फिरस्त्या फुटबॉलपटूचा संसार कसा चालतो

सेबॅस्टियन अब्रेऊ हा उरुग्वेचा स्ट्रायकर. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्धची उपांत्यपूर्व लढत पेनल्टीवर गेली आणि निर्णायक किक याच्या वाट्याला आली. चाळीस वर्षांनी देश उपांत्य फेरीत जाणार की नाही, ते त्या एका किकवर होतं. या बहाद्दरानं चेंडू हाणलाच नाही. गोली कुठल्यातरी बाजूला झेपावणार हे धरून त्यानं तो मधोमध अलगद उचलून टाकला. गोल! त्याला 'एल लोको', म्हणजे वेडा, म्हणायचे ते उगाच नव्हे.

गिनेसच्या यादीत मात्र तो वेगळ्याच कारणानं गेला. २०१७ च्या डिसेंबरात चिलीच्या ऑडॅक्स इटालियानोशी त्यानं करार केला, तेव्हा तो त्याचा २६ वा क्लब होता. पुढे हा आकडा तिशीच्याही वर गेला. अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको, स्पेन, ग्रीस, इस्रायल, एल साल्वाडोर असे एकूण ११ देश त्यानं फुटबॉलच्या जिवावर पालथे घातले.

सांगलीत कुणालाही हे सांगा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "म्हणजे कुठंच टिकला नाही म्हणायचं."

आपल्याच जिल्ह्यात असं बोलणं जरा गमतीचं आहे. खानापूर-आटपाडीकडचा गलाई बांधव आधी तमिळनाडूत कुणा पाहुण्याच्या दुकानात सोनं गाळायला शिकतो, मग बिहारमध्ये चार वर्षं काढतो, मग पंजाबात स्वतःचं दुकान टाकतो. त्याला कुणी 'टिकला नाही' म्हणत नाही. धंदा जिथं आहे तिथं माणूस गेला, एवढंच म्हणतात आणि यात्रेला गाडी घेऊन आला की कौतुकही करतात. फुटबॉलपटूलाच आपण वेगळा न्याय लावतो. कारण टीव्हीवर बघतो ते मेस्सी. वीस वर्षं बार्सिलोनात काढलेला मेस्सी हा अपवाद आहे, अब्रेऊ हा नियमाचा जरा जास्तच ताणलेला नमुना. हा नियम करारातून येतो, म्हणून सुरुवात करारापासून करू.

फिफा ही फुटबॉलची जागतिक संघटना. तिच्या नियमांप्रमाणे व्यावसायिक खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. १८ वर्षांखालच्याचा तीन. कमीत कमी मुदत म्हणजे चालू हंगाम संपेपर्यंत. प्रत्यक्षात पाच वर्षं मिळतात ती बड्या क्लबांच्या लाडक्यांना. फिफ्प्रो ही जगभरच्या खेळाडू संघटनांची शिखर संघटना. तिनं २०१६ मध्ये ५४ देशांतल्या जवळपास १४ हजार खेळाडूंना विचारून एक मोठा अहवाल काढला. त्यात सरासरी करार निघाला २३ महिन्यांच्याही आतला. आता हिशेब करा. अठराव्या वर्षी सुरुवात केली, चौतिसाव्या वर्षी बूट ठेवले, तर मधल्या सोळा वर्षांत आठ करार. त्यातले तीन-चार जुन्याच क्लबानं वाढवून दिले, तरी चार-पाच क्लब सहज होतात. यात दुखापत, प्रशिक्षकाशी खटका किंवा क्लब बंद पडणं अजून धरलेलंच नाही.

करार संपला की खेळाडू मोकळा होतो, हे आज सरळ वाटतं. १९९५ पर्यंत तसं नव्हतं. जाँ-मार्क बोस्मान हा बेल्जियमचा खेळाडू लिएजच्या क्लबात होता. १९९० मध्ये त्याचा करार संपला आणि त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जायचं होतं. जुन्या क्लबानं अडवलं. करार संपला असला तरी आमची रक्कम द्या, मग न्या. डंकर्कला ते झेपेना, बोस्मान अधांतरी लटकला. तो कोर्टात गेला आणि पाच वर्षं झगडला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयानं निकाल दिला : करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब पैसे मागू शकत नाही. शिवाय युरोपीय संघातल्या खेळाडूंवर 'परदेशी' म्हणून घातलेली संख्येची मर्यादाही गेली. फिरस्त्या फुटबॉलपटूचं आजचं जग त्या निकालातून उभं राहिलं. बोस्मानच्या हाती मात्र फार काही लागलं नाही. निकालापर्यंत त्याची खेळायची वर्षं सरत आली होती.

निकालाचा फायदा आणि फटका एकाच ठिकाणी बसतो. कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलू शकतो. स्टार असेल तर हे सोन्याचे दिवस, कारण नव्या क्लबाची ट्रान्सफर फी, म्हणजे जुन्या क्लबाला द्यायची रक्कम, वाचलेली असते आणि त्यातला वाटा याच्या खिशात येतो. साधा खेळाडू असेल तर हेच सहा महिने झोप उडवणारे.

समजा, मिरजेचा एक पोरगा आहे. अठ्ठावीस वर्षांचा, उजव्या बाजूचा बचावपटू, देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणारा. करार ३१ मेपर्यंत. जानेवारी उजाडला तरी क्लबकडून वाढवण्याबद्दल चकार शब्द नाही. एजंट म्हणतो, दोन ठिकाणी बोलणं चालू आहे. फेब्रुवारीत त्याच्या मांडीचा स्नायू दुखावतो. तीन आठवडे विश्रांती हवी, पण बाहेर बसला तर बघायला आलेल्या लोकांना दिसणार काय? तो इंजेक्शन घेऊन खेळतो. एप्रिलमध्ये एका क्लबाचा फोन येतो, पण आधी गुडघ्याचं एमआरआय पाठवा म्हणतात, कारण चार वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेची माहिती त्यांच्याकडे आहे. मे संपतो. भाड्याचा फ्लॅट रिकामा करायचा. पलंग-कपाट घरमालकाचं, आपलं सामान म्हणजे दोन सुटकेस, एक बुटांची पिशवी आणि मिक्सर. जूनमध्ये तो मिरजेत घरी. पगार बंद. भल्या पहाटे मैदानावर एकटाच पळतोय आणि ओळखीचा प्रत्येक माणूस विचारतोय, "काय, सुट्टीवर का?" ऑगस्टमध्ये तिसऱ्याच राज्यातल्या क्लबाचा एका वर्षाचा करार येतो, आधीपेक्षा कमी पैशांचा. तो सही करतो. त्याच्या नावापुढे आणखी एका क्लबाची भर पडते आणि कट्ट्यावरचं वाक्य पुन्हा येतं.

यात त्या पोराच्या खेळात खोट कुठं होती? कदाचित नव्हतीच. नवा प्रशिक्षक आला आणि त्याला डावखुरा माणूस हवा होता, एवढंही पुरतं. संघ खालच्या श्रेणीत घसरला तर पगार आपोआप कापायचं कलम अनेक करारांत असतं. मग क्लब आणि खेळाडू दोघंही दार शोधू लागतात.

लोनचा मामला थोडक्यात सांगतो. क्लब खेळाडूला विकत नाही, काही महिन्यांसाठी किंवा एका वर्षासाठी दुसरीकडे पाठवतो. पगार दोन क्लब ठरवून वाटून घेतात. तरुण पोरांना खेळायला मिळावं हा मूळ हेतू. पण मोठ्या क्लबांनी पंचवीस-तीस खेळाडू गोळा करून लोनवर फिरवत ठेवायचा धंदाच मांडला, तेव्हा फिफानं २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली. ती टप्प्याटप्प्यानं खाली आणली आणि २०२४ पासून एका वेळी सहाच खेळाडू बाहेर, सहाच आत. एकवीस वर्षांपर्यंतची आणि स्वतःच्या अकादमीत घडलेली पोरं यातून वगळली आहेत. एका हंगामात खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांत होऊ शकते, पण अधिकृत सामने मात्र दोनच क्लबांकडून, असा सर्वसाधारण नियम आहे.

भटकंतीतून वर आलेल्यांत माझा आवडता माणूस रिकी लँबर्ट. लिव्हरपूलचा पोरगा. लिव्हरपूलच्याच अकादमीनं पंधराव्या वर्षी काढून टाकला. मग ब्लॅकपूलनं सोडलं आणि पोट भरायला तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. पुढे मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी खालच्या श्रेणींतली उमेदवारी. २००९ मध्ये साउदॅम्प्टननं घेतलं तेव्हा तो क्लब इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होता. २०१२ पर्यंत दोघं मिळून प्रीमियर लीगमध्ये. १४ ऑगस्ट २०१३ ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि चेंडूला पहिला स्पर्श झाला तो थेट डोक्यानं, गोलात. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलनं त्याला पैसे मोजून परत घेतलं. इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींत ९२ क्लब आहेत आणि त्याखाली लीगांची उतरंडच आहे. एका दारातून काढलेल्याला दुसरं दार सापडतं ते या उतरंडीमुळं.

भारतात दारं मुळातच कमी आणि त्यातली बरीच मध्येच भिंत होतात. सांगलीहून जवळच्या पुण्याचंच बघा. पुणे एफसी २००७ ला उभा राहिला, चांगली अकादमी काढली, २०१५ ला बंद. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीग (तेव्हाची देशातली वरची लीग) खेळला आणि आटोपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९. मुंबईत महिंद्र युनायटेडसारखा जुना, नामांकित संघ २०१० मध्ये मालकांनीच मिटवला आणि मुंबई एफसी २०१७ ला खालच्या श्रेणीत घसरला तो कायमचाच. ही पडझड दहा वर्षांच्या आतली. या संघांतले खेळाडू 'फिरस्ते' झाले ते हौसेनं नव्हे, पायाखालची जमीनच गेली म्हणून.

त्यावर कडी म्हणजे इथं क्लबच फिरस्ते निघतात. पुणे सिटी संपला, इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. हैदराबादनं २०२२ मध्ये चक्क विजेतेपद मिळवलं, नंतर खेळाडूंचे पगार थकले, चांगली माणसं सोडून गेली आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावानं उभा राहिला. त्याच वर्षी जुलैत आयएसएलचा पुढचा हंगामच व्यावसायिक हक्कांच्या करारावरून लटकला. ज्यांचे करार मे महिन्यात संपले होते, त्यांना बोलणी करायची तरी कुणाशी, हा प्रश्न पडला.

आणि 'टिकणं' म्हणजे काय, याचं उत्तर सुनील छेत्रीकडं आहे. २००२ मध्ये मोहन बागान, मग जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, २०१० मध्ये अमेरिकेतला कॅन्सस सिटी विझार्ड्स, परत येऊन चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगचा दुय्यम संघ, लोनवर चर्चिल ब्रदर्स. बंगळुरू एफसी मिळाला तो २०१३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, कारण तो क्लबच त्या वर्षी जन्माला आला. देशाचा सगळ्यात यशस्वी गोल करणारा खेळाडू पहिली अकरा वर्षं सामान बांधत-सोडत होता. यातला जेसीटी तर २०११ मध्ये बंदही पडला. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पुढच्या पाच वर्षांत इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद. यालाच करिअर म्हणतात.

आता पैशांचं. त्याच फिफ्प्रो अहवालात ४५ टक्क्यांहून जास्त खेळाडूंनी आपली कमाई महिन्याला १,००० डॉलरच्या आत असल्याचं सांगितलं, आणि ४१ टक्क्यांचा पगार मागच्या दोन हंगामांत कधी ना कधी उशिरा झाला होता. जगभरचे आकडे आहेत हे, गरीब देशांपुरते नाहीत. म्हणूनच फिफानं नियम केला : दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडूनं क्लबला लेखी नोटीस द्यायची, किमान १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर तो करार मोडून मोकळा होऊ शकतो आणि उरलेल्या कराराची भरपाईही मागू शकतो. कागदावर छान आहे. पण हंगामाच्या मध्यावर, ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलायची ठरलेली मुदत, बंद असताना नोकरी सोडून भांडत बसायला घरी तेवढी शिल्लक लागते. बहुतेक जण 'पुढच्या महिन्यात देतो'वर विश्वास ठेवतात. आणखी एक कमी माहीत असलेलं कलम आहे. बस्तान बसलेला व्यावसायिक असून हंगामातल्या दहा टक्क्यांपेक्षा कमी अधिकृत सामन्यांत खेळवलं, तर हंगाम संपताच खेळाडू 'क्रीडाविषयक सबळ कारण' दाखवून करार संपवू शकतो. बाकावर बसून पगार घेणं सोपं वाटतं, पण दोन वर्षं बाकावर गेली तर तिसरा करार मिळत नाही. म्हणून शहाणे खेळाडू कमी पैशांत खेळायला मिळेल तिथं जातात.

परदेशात धोक्याचं रूप आणखी वेगळं. लुट्झ फानेनश्टील हा जर्मन गोलरक्षक फिफाच्या सहाही खंडीय महासंघांत व्यावसायिक फुटबॉल खेळलेला पहिला माणूस. किस्से ऐकायला गंमत वाटते. पण याच भटकंतीत २००१ मध्ये सिंगापुरात सामना निश्चितीच्या आरोपावरून त्यानं १०१ दिवस तुरुंगात काढले. आरोप तो कायम नाकारत आलाय. परक्या देशात, परक्या कायद्यात, सोबत ना क्लब ना घरचं माणूस.

इथं आई-वडिलांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी, कारण आपल्याकडं 'युरोपात ट्रायल' या नावाखाली लाखभर रुपये मागणारे लोक फिरत असतात. फिफाच्या नियमानं १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली मुळातच निषिद्ध आहे. अपवाद मोजके, उदाहरणार्थ आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर. त्यामुळं सोळा वर्षांच्या पोराला स्पेनच्या क्लबाचा करार मिळवून देतो म्हणणारा एकतर नियम जाणत नाही किंवा चांगलाच जाणतो. एजंटला परीक्षा देऊन फिफाचा परवाना घ्यावा लागतो, आणि खऱ्या एजंटची कमाई करार झाल्यावर त्यातल्या टक्क्यांतून होते. आधी पैसे मागितले की चहा पाजून निरोप द्यावा.

पोराच्या भटकंतीत गावाकडच्या क्लबाचाही वाटा असतो, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर ट्रान्सफर फीतले पाच टक्के बाजूला काढून त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बाराव्या ते पंधराव्या वर्षांतल्या प्रत्येक हंगामाला फीच्या पाव टक्का, सोळाव्यापासून पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. समजा, आपला मिरजेचा बचावपटू बांगलादेशातल्या क्लबाला एक कोटी रुपयांना विकला गेला. (नाही जाणार, पण हिशेबाला सोपं.) पाच लाख वाटपाला निघाले. तो बारा ते पंधरा ही चार वर्षं मिरजेतल्या एखाद्या छोट्या क्लबात खेळला असेल, तर त्या क्लबाचे वर्षाला पंचवीस हजार, म्हणजे एकूण एक लाख. मुलांच्या गटाला जाळी, चेंडू आणि बिब्स घेऊन वर उरतील. २०२२ च्या नोव्हेंबरपासून हे पैसे वळते करायला फिफाचं क्लिअरिंग हाउस सुरू झालंय आणि तिथं खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट बघितला जातो. कुठल्या हंगामात कुठल्या क्लबाकडं नोंदणी होती, त्याचा तो उतारा. आपल्याकडं मैदानं पोरांनी भरलेली असतात, पण नोंदणी करायची वेळ येते ती एखाद्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, तीही मोठ्या पोरांची. बारा वर्षांचं पोरगं नुसतं वहीत, म्हणून त्या उताऱ्यात गावच्या क्लबाचं नावच नसतं.

शेवटी चौतिशी-पस्तिशी. इथं भारतातल्या खेळाडूचा मार्ग युरोपपेक्षा वेगळा आहे आणि माझ्या मते वाईट नाही. मिरज रेल्वेचं गाव असल्यानं इथल्या पोरांना हे लवकर कळतं : बरेच जण क्लबांच्या मागं न लागता पंचविशीच्या आतच रेल्वे, सैन्यदल किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून भरती होतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पगार ठरावीक, पण महिन्याच्या महिन्याला, आणि खेळ संपला तरी नोकरी राहते. सैन्यदलाचा संघ २०२३-२४ ला संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. म्हणजे दर्जा काही पडत नाही. मात्र आरक्षणासाठी राज्य किंवा राष्ट्रीय स्तरावरच्या ठरावीक स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते. आय-लीगमध्ये दहा वर्षं खेळलोय एवढं सांगून भागत नाही.

ज्यांनी नोकरी धरली नाही त्यांच्यासाठी प्रशिक्षकाचा परवाना आहे. सुरुवात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या 'डी' परवान्यापासून, मग सी, बी, ए. हे शिक्षण खेळत असतानाच सुरू केलेलं बरं. पंधरा प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळलेल्या माणसानं पंधरा पद्धती आतून पाहिलेल्या असतात. सराव कुणाचा चांगला होता, कोण नुसता ओरडायचा, पगार थकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये कोण काय बोललं, हे एकाच क्लबात वीस वर्षं काढलेल्याला माहीत नसतं. सांगली-मिरजेत असा एखादा माणूस पहाटे पोरं घेऊन उभा असेल, तर त्याला कुठल्या कुठल्या क्लबात होता हे जरूर विचारावं. आणि आपल्या पोराची नोंदणी त्याच्याकरवी या महिन्यातच करून घ्यावी.